‘ओळखलं नाही’ म्हणायची मुभा

कोथरूडला राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. (नाव-गाव आणि काही तपशील बदलले आहेत.) मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. अभ्यासात चांगला, बोलायला गोड, पीएमपीच्या बसचे नंबर आणि मार्ग तोंडपाठ. पण माणसं ओळखत नाही. मध्यंतरी नात्यातल्या एका साखरपुड्यात सख्खी आत्या समोर येऊन उभी राहिली आणि हा नुसता बघत राहिला. आत्याने आठवड्यापूर्वी लांब केस कापले होते, एवढाच काय तो फरक. ती ‘अरे, असं काय करतोस!’ म्हणाली तेव्हा आवाज ऐकून जाऊन बिलगला, पण तोवर ‘शिष्ट आहे’, ‘आईने वळण लावलं नाही’ असं सगळं बोलून झालं होतं. शाळा सुटताना एकदा तो भलत्याच बाईच्या स्कूटरवर मागे जाऊन बसला, कारण स्कूटर त्याच रंगाची आणि तोंडाला स्कार्फही तसाच. यंदा तुकडी बदलल्यापासून मधल्या सुट्टीत एकटाच डबा खातो. सिनेमा बघताना ‘हा मघाचाच का गं?’ विचारून भंडावून सोडतो. फोनवर मात्र एका ‘हॅलो’वरून माणूस ओळखतो, आणि आई रागावली आहे की दमली आहे हे तिच्या चेहऱ्यावरून त्याला लगेच कळतं. त्याचे बाबाही असेच: लिफ्टमध्ये शेजाऱ्यांशी बोलत नाहीत, सोसायटीत माणूसघाणे म्हणून प्रसिद्ध. सासूबाई म्हणतात लाडाने बिघडलाय, नवरा म्हणतो मोठा झाला की होईल नीट, आणि ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, ‘ऑटिझम तर नाही ना, बघून घे.’ तेव्हापासून पत्रलेखिकेची झोप उडाली आहे. गेले दोन महिने त्या रोज रात्री जेवणानंतर नातेवाइकांच्या फोटोंचा अल्बम घेऊन बसतात. ‘हे कोण?’ विचारायचं, बरोबर आलं की वहीत स्टार. हल्ली अल्बम काढला की मुलगा रडतो. सुधारणा एकच दिसते, असं त्या लिहितात: आता कुणी ‘ओळखलंस का?’ विचारलं की तो हसून ‘हो’ म्हणतो. त्यांचा प्रश्न असा: त्याला माणसांची ओढ कशी लावू? आणखी कडक व्हायला हवं का?

नमस्कार,

तो अल्बम आज रात्रीपासून बंद करा. बाकीचं पत्र सवडीने वाचलंत तरी चालेल, पण ही एक गोष्ट पुढे ढकलू नका.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मलाही वाटलं की हे एका लाजऱ्या मुलाबद्दल आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की उत्तर बहुतेक सगळं तुमच्याच पत्रात आहे. फक्त तुम्ही ते तक्रारींच्या यादीत घातलं आहे. आत्याचा आवाज ऐकून तो बिलगला. ज्याला माणसांची ओढ नाही ते मूल असं बिलगत नाही. ओढ आहे, आठवण आहे, प्रेम आहे. नव्हती ती फक्त एकच गोष्ट: केस बदललेल्या त्या चेहऱ्यावरून ‘ही आत्या’ हे कळणं. आपण मोठी माणसं ओळखणं आणि आपुलकी यांची इतकी गाठ मारून ठेवतो की एक नसलं तर दुसरंही नाही असंच धरून चालतो. साखरपुड्याला जमलेल्या मंडळींनी तेच केलं. तुमच्या प्रश्नातही तेच गृहीत आहे.

चेहरा ओळखणं ही मेंदूची बरीचशी स्वतंत्र क्षमता आहे. हुशारीवर ती अवलंबून नाही, आणि एरवीच्या स्मरणशक्तीवरही नाही. बसचे मार्ग पाठ असलेल्या मुलाला शेजारचे काका ओळखू न येणं यात काही विसंगती नाही. ही क्षमता माणसागणिक किती कमीजास्त असते ते बघा. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये माणसाला एकूण किती चेहरे माहीत असतात याचा अंदाज काढला. सरासरी आली पाच हजारांच्या आसपास, पण कुणाची संख्या हजारावरच थांबली तर कुणाची दहा हजारांवर गेली. आणि हे सगळे धडधाकट, चारचौघांसारखे लोक. एखादी मावशी तीस वर्षांपूर्वीच्या वर्गमैत्रिणीला लक्ष्मी रोडच्या गर्दीत पाठमोरी ओळखते, तिचं आपल्याला कौतुक वाटतं. तिच्या दुसऱ्या टोकालाही कुणीतरी असणारच, हे मात्र कुणी लक्षात घेत नाही.

आता मुलांचं. अगदी तान्ह्या बाळालाही चेहऱ्याचं आकर्षण असतं. जन्मून चार-सहा दिवस झाले की ते परक्या बाईपेक्षा आईच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ बघतं. पण १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चार दिवसांच्या बाळांसमोर आया आणि परक्या बायका अशा दोघींनाही डोक्याला रुमाल बांधून, केसांची कड झाकून बसवलं, तेव्हा बाळांना फरक कळेनासा झाला. म्हणजे सुरुवातीला बाळ ओळखत असतं ते बरंचसं केस आणि कपाळ मिळतात त्या रेषेवरून. नाक-डोळ्यांची आतली ठेवण नंतर हळूहळू पक्की होते. त्यामुळे स्कार्फमधली आई ओळखू आली नाही यात तुमच्या मुलाचा दोष मी तरी फार मोजणार नाही. दुपारी शाळा सुटायच्या वेळी पुण्यातल्या कुठल्याही गेटपाशी उभं राहावं: नाकापासून मानेपर्यंत गुंडाळलेले स्कार्फ, वर गॉगल, त्यावर हेल्मेट. त्यात आपापली आई शोधणाऱ्या सगळ्याच मुलांचं मला कौतुक वाटतं.

शाळकरी वयातही हे काम पूर्ण झालेलं नसतं. अमेरिकेतल्या सुझन केरी आणि रिआ डायमंड यांनी १९७७ मध्ये दाखवलं की सहा-आठ वर्षांची मुलं अनोळखी चेहऱ्यांच्या बाबतीत टोपी आणि कपड्यांवरून फसतात. तीच टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घातली की त्यांना तो पहिलाच माणूस वाटतो. दहाव्या वर्षापर्यंत हे बरंच कमी होतं. मुलं आणि मोठे यांच्यातली रेघ इतकी ठळक नाही, असं नंतरच्या संशोधनातून पुढे आलं. चार-पाच वर्षांची मुलंही चेहरा एकसंध बघतात. पण नवे चेहरे लक्षात ठेवण्याची ताकद वाढत राहते, आणि तीही किती काळ, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ती तिशी ओलांडल्यावर शिखरावर पोचलेली दिसली. नावं लक्षात ठेवण्याची ताकद त्याच्या कितीतरी आधी थांबलेली असते. तेव्हा ‘मोठा झाला की होईल नीट’ हे तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. ते अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्याकडे येतेच.

त्याआधी अल्बम का बंद करायचा ते सांगते, कारण मेहनत तुम्ही मनापासून केली आहे. फोटो ओळखणं वेगळं आणि माणूस ओळखणं वेगळं. २०११ मध्येच ब्रिटनमध्ये एक मजेशीर प्रयोग झाला. लोकांना चाळीस फोटो दिले आणि सांगितलं की एकेका व्यक्तीचा वेगळा ढीग करा. फोटो होते फक्त दोन बायकांचे, नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध असलेल्या, पण ब्रिटिशांना अनोळखी. ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ ढीग केले. म्हणजे तीच बाई वेगळ्या उजेडात, वेगळ्या केशरचनेत दिसली की त्यांना ती दुसरी वाटली. डच लोकांनी मात्र बघता बघता दोन ढीग करून दिले. ओळखीचा चेहरा आणि अनोळखी चेहरा यांच्यात एवढं अंतर असतं, आणि ते अंतर एका फोटोकडे शंभर वेळा बघून तुटत नाही. माणूस हसताना, रागावताना, उन्हात, दिव्याखाली, आजारी, नटलेला असा नाना परींनी दिसावा लागतो. तुमच्या अल्बममधून तुमचा मुलगा शिकतोय ते बहुधा एवढंच: लाल नऊवारी म्हणजे माई आजी, मागे गुलमोहर दिसला की साताऱ्याचे काका. माई आजी निळी साडी नेसून आल्या की दोन महिन्यांचे स्टार वाया.

तुम्ही म्हणाल, मग सवयीचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो बाळपणी, न कळत होतो. सहा महिन्यांची बाळं एका माकडाचा चेहरा दुसऱ्या माकडापासून वेगळा ओळखू शकतात. नऊ महिन्यांची बाळं आणि आपण मोठे यांना ते जमत नाही, हे २००२ मध्ये दाखवून झालं आहे. ज्या चेहऱ्यांत आपण वाढतो त्यांच्यासाठी मेंदू स्वतःला घडवतो आणि बाकीचं सोडून देतो. पण काही मेंदूंत ही घडणच वेगळी होते. तिथे रात्री साडेनऊच्या शिकवणीने फारसं काही साधत नाही. मूल मात्र हे शिकतं की आपण नापास आहोत, आणि तेही अशा विषयात ज्यात त्याचा चार वर्षांचा चुलतभाऊ सहज पास होतो.

हो, अल्बमचा एक शेवटचा उपयोग करून घ्या. त्यातले घरातल्या मंडळींचे लहानपणचे चार-पाच फोटो उलटे, डोकं खाली पाय वर असे धरून सासूबाईंना विचारा, ‘हे कोण?’ अडखळतील. उलट्या चेहऱ्याचे डोळे, नाक, ओठ सगळं नीट दिसत असतं, तरी माणूस चटकन सापडत नाही. चेहरा उलटा केला की तो ओळखणं इतर वस्तूंपेक्षा फार जास्त बिघडतं, हे १९६९ पासून माहीत आहे. कारण सुलटा चेहरा आपण तुकड्यातुकड्याने वाचतच नाही. तो एकदम, अख्खा दिसतो. उलटा केला की तुकडेच उरतात. ज्यांना चेहरे ओळखता येत नाहीत त्यांच्यातल्या अनेकांना सुलट्या चेहऱ्याच्या बाबतीतही अशीच धडपड करावी लागते: टिकली, चष्मा, तीळ, मिशी, केसांचं वळण. आणि त्यातलं एक काही बदललं की संपलं. व्याख्यानापेक्षा हा पाच मिनिटांचा खेळ सासूबाईंना लवकर पटेल, असं मला वाटतं.

आता ते उरलेलं अर्धं. नवव्या वर्षी अनोळखी किंवा क्वचित भेटणाऱ्यांना न ओळखणं यात काही विशेष नाही. साखरपुड्याला आलेल्या चुलत सासऱ्यांना त्याने ओळखलं नसतं तर मी हे पत्र दोन ओळींत संपवलं असतं. पण आत्या नेहमीची. वर्गातली मुलं रोजची. सिनेमातला ‘मघाचा’ माणूस कपडे बदलून आला की हरवतो. आणि आवाजावर मात्र तो अचूक. इतक्या गोष्टी एकत्र आल्या की मला जन्मजात चेहरे न ओळखता येण्याची शंका येते. डॉक्टर तिला प्रोसोपॅग्नोशिया म्हणतात. १९४७ मध्ये योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरने डोक्याला मार लागलेल्या सैनिकांच्या नोंदींवरून हे नाव दिलं. अशीच अडचण कुठलीही इजा न होता जन्मापासूनही असू शकते, हे समजायला नंतर बराच काळ जावा लागला. मी इथे निदान करत नाहीये, पत्रावरून ते करताही येत नाही. शंका आहे, आणि ती तपासण्याजोगी आहे, इतकंच.

हे दुर्मीळ असेल असं वाटून दचकू नका. जर्मनीतल्या म्युन्स्टरमध्ये ६८९ विद्यार्थ्यांची पाहणी झाली, ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १७ जणांना ही अडचण आढळली. शंभरात साधारण अडीच. निकष सैल-घट्ट केले की आकडा खालीवर होतो, पण पुण्यातल्या एखाद्या भरलेल्या शाळेत अशी काही मुलं असणार हे नक्की. त्याच पाहणीतली पुढची गोष्ट तुमच्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. त्या १७ पैकी १४ जणांच्या घरच्यांचीही तपासणी झाली. चौदाही घरांत आणखी किमान एका जवळच्या रक्ताच्या नातेवाइकाला हीच अडचण होती. जुळ्यांवरच्या अभ्यासातही तेच दिसतं: एकसारख्या जुळ्यांची चेहरे ओळखण्याची ताकद साध्या जुळ्यांपेक्षा एकमेकांशी कितीतरी जास्त जुळते.

म्हणून तुमच्या पत्रातल्या लिफ्टमधल्या वाक्यापाशी मी थांबले. ‘ह्यांचंही असंच’ असं लिहून तुम्ही पुढे गेलात. पण लिफ्टमध्ये न बोलणाऱ्या माणसाला कदाचित कळतच नसेल की शेजारी तिसऱ्या मजल्यावरचे कुलकर्णी उभे आहेत की कुरिअरवाला. अशी माणसं वर्षानुवर्षांत एक युक्ती शिकतात: चुकीच्या माणसाला ओळख दाखवून फजिती होण्यापेक्षा कुणालाच ओळख न दाखवणं बरं. जग मग त्यांना माणूसघाणं ठरवतं, आणि बहुतेकदा तेही स्वतःला तसंच समजू लागतात. एखाद्या निवांत रविवारी, मुलगा समोर नसताना, त्यांना साधं विचारून बघा: ‘तुम्ही ऑफिसात लोकांना कसं ओळखता?’ ‘चेहऱ्यावरून, आणखी कशावरून!’ म्हणाले तर विषय तिथेच सोडा. पण उत्तरात चालणं, बॅग, बसायची जागा, आवाज असं काही आलं, तर घरात एकाऐवजी दोघं आहेत, आणि त्यातल्या एकाने सगळं आयुष्य एकट्याने निभावलं आहे. त्यांच्या ‘होईल नीट’मागे ‘माझंही झालंच की’ असं काहीतरी असू शकेल.

मेंदूविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांना जन्मभर ही अडचण होती. एका दाढीवाल्या धिप्पाड गृहस्थाला धक्का लागणार म्हणून त्यांनी माफी मागितली आणि मग कळलं की समोर आरसा आहे, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. चिंपांझींसाठी आयुष्य वाहिलेल्या जेन गुडॉल यांनाही चेहरे लक्षात ठेवणं जड जायचं, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं होतं. मोठ्यांची नावं घेऊन मुलाला धीर देण्याची पद्धत मला खरं तर फारशी आवडत नाही, पण ‘ज्याला चेहरे कळत नाहीत त्याला माणसं कळत नाहीत’ या समजुतीला हे दोघं पुरून उरतात.

ऑटिझमबद्दल. काही ऑटिस्टिक मुलांना चेहरे ओळखणं कठीण जातं, त्यामुळे मैत्रिणीची शंका हवेतली नाही. पण उलट दिशेने ते खरं नाही. चेहरे न ओळखणारी अनेक मुलं ऑटिस्टिक नसतात. तुमचा मुलगा तुमचा राग आणि दमणूक चेहऱ्यावरून वाचतो हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. ‘हे कोण’ आणि ‘याच्या मनात काय’ हे चेहऱ्याचे दोन प्रश्न मेंदू बऱ्याच अंशी वेगवेगळ्या वाटांनी सोडवतो, असं व्हिकी ब्रूस आणि अँडी यंग या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्येच मांडलं होतं. त्याची दुसरी वाट मोकळी दिसते. तरीही माझ्या अंदाजावर झोपू नका आणि मैत्रिणीच्या अंदाजावर जागू नका. पहिल्यांदा डोळे तपासून घ्या, अगदी आधी. चष्म्याच्या नंबरामुळे लांबची माणसं न ओळखणारी मुलं कमी नाहीत, आणि ती तपासणी अर्ध्या तासाची आहे. मग विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा मुलांच्या मेंदू-मानसशास्त्रीय चाचण्या करणारे मानसशास्त्रज्ञ. पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत बालविकास विभाग आहेत, तिथे ऑटिझमचाही प्रश्न एकदाचा मिटेल. पूर्वी डोक्याला मार लागला होता का, किंवा आधी ओळखायचा आणि आता ओळखेनासा झालाय का, हे नीट आठवून सांगा. तसं असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. जन्मजात अडचणीवर आज औषध नाही. सरावाने काही जणांना थोडा फायदा होतो, पण तो तज्ज्ञाच्या हाताखाली आणि बेताचा.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती. तुम्ही सुधारणा म्हणून लिहिलंय की तो आता कुणालाही हसून ‘हो, ओळखलं’ म्हणतो. ताई, ही सुधारणा नाही. तुमच्या मुलाने ओढा-ताण टाळायची युक्ती शोधली आहे. आणि विचार करा: शाळेच्या गेटपाशी एखादा परका माणूस आला, ‘काय रे, ओळखलंस ना? बाबांचा मित्र मी, चल सोडतो’ म्हणाला, तर ज्याला ‘ओळखलं नाही’ म्हटल्यावर घरी-दारी बोलणी बसली आहेत असं मूल काय करेल? भलत्या स्कूटरवर तो एकदा बसलेला आहेच. त्या बाई भल्या होत्या. ओळख न पटण्यापेक्षा ओळख पटल्याचं सोंग जास्त धोक्याचं आहे, आणि ते सोंग आपण सगळे मिळून मुलांना शिकवतो. चेहरे उत्तम ओळखणाऱ्या मुलांच्या पालकांनीही हे वाचावं. सहा वर्षांपूर्वी बारशाला पाहिलेल्या काकांना ‘ओळखलं’ म्हणायला आपण पोरांना भाग पाडतोच.

तेव्हा कडक व्हायचंच असेल तर नातेवाइकांशी व्हा. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकदाच, लाजत-संकोचत न लिहिता, कळवून टाका: याला चेहरे ओळखायला अडचण येते, भेटल्यावर आधी आपलं नाव आणि नातं सांगा, परीक्षा घेऊ नका. दोन-चार जण नाकं मुरडतील. मुरडू देत. रंगांधळ्या मुलाला कुणी ‘सांग बघू हा हिरवा की लाल’ म्हणून चारचौघांत छळत नाही. निदान छळू नये असं आपल्याला कळतं. आणि मुलाला एक वाक्य द्या, त्याच्या तोंडी बसेल असं: ‘मला चेहरे पटकन लक्षात येत नाहीत, तुमचं नाव सांगा ना.’ हे घरी नाटक करून म्हणवून घ्या, म्हणजे ऐनवेळी जीभ अडखळणार नाही. तो हे जितक्या सहज म्हणेल तितका सुरक्षित राहील.

शाळेच्या गेटचा बंदोबस्त सोपा आहे. उभं राहायची जागा ठरलेली हवी, झाडाखाली किंवा अमुक दुकानाच्या पायरीपाशी, रोज तीच. तो येईपर्यंत स्कार्फ आणि गॉगल काढून ठेवा, आणि त्याला घरच्या नावाने हाक मारा. तुमचा आवाज ही त्याची सगळ्यात पक्की खूण आहे. शिवाय एक परवलीचा शब्द ठरवा, बाहेर कुणालाही माहीत नसलेला. तुमच्याऐवजी दुसरं कुणी न्यायला आलं तर न्यायला आलेल्या माणसाने तो शब्द सांगायचा. नाही सांगता आला तर सख्खा मामा असला तरी जायचं नाही, परत आत बाईंकडे जायचं. मामाला राग आला तर तो तुम्ही निस्तरा. गणपतीत किंवा तुळशीबागेत जाताना निघण्याआधी सगळ्यांचा एक फोटो मोबाइलवर काढा, कुणी काय घातलंय ते त्याला दाखवा, आणि तुम्ही किंवा यजमानांनी काहीतरी भडक रंगाचं घाला. चुकामूक झाली तर पोलिसाचा गणवेश शोधायचा, चेहरा नाही. फोन नंबर पाठ करून घ्या. ज्याला बसचे नंबर येतात त्याला दहा आकडे म्हणजे काहीच नाही.

शाळेत वर्गशिक्षिकेला भेटा, पण तक्रारीच्या सुरात नको. अडचण अशी आहे की गणवेश सगळ्यांचे सारखे, केस सारखे कापलेले, आणि तुकडी बदलल्यावर बसायच्या जागाही बदलल्या. गेल्या वर्षी त्याचे मित्र होते ते बहुधा जागेवरून, दप्तरावरून, आवाजावरून पक्के झालेले. यंदा ते सगळं विस्कटलं आणि तो एकटा पडला. बाकांची जागा काही महिने न बदलणं, बाकांवर नावाच्या पट्ट्या असणं, हजेरीच्या वेळी प्रत्येकाने नाव घेऊन ‘हजर’ म्हणणं, एवढं बाई सहज करू शकतील, आणि साठ मुलांच्या वर्गात त्याचा त्यांनाही फायदाच होईल. मैदानावर खेळताना दोन संघांना वेगळ्या रंगाचे पट्टे दिले तर चेंडू कुणाला द्यायचा ते त्याला कळेल. खेळातून तो बाहेर राहतो का हे विचारा, मला शंका आहे. आणि शाळेतला एखादाच मित्र घरी बोलवा, दोन तास, खेळायला. एकेका माणसाचं चालणं-बोलणं-हसणं पक्कं व्हायला वेळ लागतो, ते घोळक्यात होत नाही.

सिनेमा बघताना तो विचारेल तेव्हा ‘हो, मघाचाच, आता शर्ट बदललाय’ असं सांगत चला. वैताग येईल, मान्य. पण तो प्रश्न विचारतोय तोवर तो गोष्टीत आहे.

तज्ज्ञांकडे जायच्या आधी पंधरा दिवस एक छोटी वही ठेवा. कोण ओळखलं नाही, कुठे, त्या दिवशी त्या माणसात काय वेगळं होतं, आणि शेवटी ओळखलं ते कशावरून. स्टारची वही उलटीकडून वापरलीत तरी चालेल. आणि त्या भेटीला यजमानांना सोबत न्याच. तिथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरं त्यांच्याकडे असण्याची शक्यता आहे.